उत्तर बरोबर, रीत कुठे?

बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट आपल्याकडे घराघरांत सांगितली जाते. राजा प्रसन्न होतो, खेळ शोधून काढणाऱ्याला "माग काय हवे ते" म्हणतो, आणि तो शहाणा माणूस हात जोडून म्हणतो, "महाराज, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने घालत चौसष्ट घरे भरून द्या. मला अधिक काही नको." राजा हसतो, कोठीवाला मात्र संध्याकाळपर्यंत रडकुंडीला येतो. गोष्ट इथेच संपते, कारण तिला राजाचा गर्व उतरवायचा असतो, आणि एकदा तो उतरला की दाण्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मला मात्र राजापेक्षा दाण्यांचे कुतूहल अधिक. त्यांची एकूण संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५ इतकी भरते. शेवटी पाच आहे, तेव्हा ही रास पाच जणांत सारखी वाटता येईल हे दुसरीतले मूलही सांगेल. ती तिघांतही वाटता येते, सतरा जणांतही येते. म्हणजे त्या शहाण्या माणसाला दोन भाऊ असते, तर निदान वाटणीवरून तरी त्यांच्यात कोर्टकचेरी झाली नसती.

सगळ्याच राशी अशा समजूतदार नसतात. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा लाडवांचेच उदाहरण घेऊ. डब्यात बारा लाडू असले तर गृहिणीला चिंता नाही. पाहुणे दोन येवोत, तीन येवोत, चार किंवा सहा येवोत, प्रत्येकाच्या ताटलीत सारखे लाडू पडतात. तेरा असले की पंचाईत! एकतर तेरा माणसे यावीत आणि प्रत्येकाने एकेक उचलावा, नाहीतर एकट्यानेच सगळा डबा फस्त करावा. मधला मार्ग नाही. अशा हटवादी संख्यांना गणितात मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या त्यांतल्या पहिल्या. त्या कधीच संपत नाहीत, हे ग्रीक पंडित युक्लिड याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवले आहे.

आता पटावर परत जाऊ आणि चौसष्ट घरे भरण्याऐवजी मध्येच कुठेतरी थांबू. दोन घरांपाशी थांबलो तर एकूण दाणे ३, तिसऱ्यापाशी ७, चौथ्यापाशी १५, पाचव्यापाशी ३१, सहाव्यापाशी ६३, सातव्यापाशी १२७. यांतल्या ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या आहेत, १५ आणि ६३ नाहीत. घरांची संख्याच मूळ नसेल तर दाण्यांची संख्या कधीही मूळ येत नाही, एवढे सहज दाखवता येते. पण याच्या उलट काही खात्री देता येत नाही. अकरा ही मूळ संख्या, परंतु अकराव्या घरापाशी जमतात २०४७ दाणे. आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. दिसायला इतकी सोज्वळ संख्या, पण आत तिच्या पोटात हे दोघे लपलेले!

मला ज्या संख्येविषयी सांगायचे आहे ती मिळवायला पट बराच वाढवावा लागतो. चौसष्टच्या जागी १२७ घरे घ्या. दाणे होतात:

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

एकोणचाळीस अंक. ही संख्या मूळ आहे. जगात जितकी माणसे आहेत, झाली आणि होतील, त्यांतल्या कितीही जणांना बोलावून ही रास सारखी वाटायला बसा. प्रत्येकाला एकेक दाणा पुरेल इतके लोक जमल्याशिवाय ती वाटली जाणार नाही.

गणित मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. त्यापुढे जे काही कळले ते मुलांना शिकवताना आणि कादंबरीचे काम अडले म्हणजे मन रमवायला चाळलेल्या पुस्तकांतून. एकदा सातवीच्या वर्गात फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापून मी ही संख्या लिहिली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "ही मूळ संख्या आहे." मुले अवाक झाली. मास्तराला असे क्षण थोडेच मिळतात. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, तुम्ही भागून बघितलंत?"

प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. तिला खरोखरीच हवे होते ते. आणि गेली काही वर्षे तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे, कारण तो गणिताचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे. जे आपण स्वतः पारखून पाहिले नाही, ते खरे म्हणून सांगण्याचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

मी भागून बघितले नव्हते, आणि बघणे शक्यही नव्हते. दर सेकंदाला एक भागाकार या वेगाने कोणी दोनापासून एकेका संख्येने या दाण्यांना भागत बसला, तर सगळे विभाजक तपासून होईपर्यंत त्याला सुमारे ४१ हजार कोटी वर्षे लागतील. शास्त्रज्ञांच्या हिशोबाने हे सारे विश्वच अजून १,३८० कोटी वर्षांचे आहे. तेव्हा भागून बघणे हा मार्ग देवादिकांनाही बंद.

तरीही ही संख्या मूळ आहे असे एका माणसाने १६४४ साली छापून टाकले होते! मारँ मेर्सेन हा पॅरिसमधला एक ख्रिस्ती संन्यासी. मठात राहून साऱ्या युरोपातल्या विद्वानांशी पत्रव्यवहार करायचा; कोणाचा शोध कोणाला कळवायचा, कोणाचे भांडण कोणाशी लावून द्यायचे, हे सारे तो हौसेने करी. आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने यादी दिली, की २५७ घरांपर्यंत पट वाढवला तर अमुक अकरा ठिकाणीच थांबले असता मूळ संख्या मिळते. बाकी कुठे मिळत नाही. त्या अकरांत १२७ होता. रीत? रीत काहीच दिली नाही. उलट, पंधरावीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरा पडणार नाही, असे त्यानेच त्याच प्रस्तावनेत म्हटले आहे. मग त्याला एकोणचाळीस अंकी संख्येचे कसे कळले? ते तोच जाणे.

मेर्सेनच्या यादीचा पुरता निकाल लागायला तीनशे वर्षे गेली. त्याने घातलेले ६७ आणि २५७ हे आकडे चुकीचे निघाले. ६१, ८९ आणि १०७ हे घालायचे राहून गेले होते. म्हणजे पाच चुका. पण १२७ बरोबर!

इथे मास्तराच्या हातातली लाल पेन्सिल थबकते. हा पेपर कसा तपासायचा? वर्गात दर वर्षी असा एखादा मुलगा असतोच, की ज्याच्या वहीत उत्तर अचूक असते आणि वरची जागा कोरी असते. मी मार्क कापतो. मुलगा रडवेला होऊन म्हणतो, "सर, उत्तर तर बरोबर आहे ना?" एका वर्षी अशाच एका मुलाचे वडील मला भेटायला आले. गावात त्यांचे किराणामालाचे दुकान आहे. त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितले, "सर, व्यवहारात उत्तरच लागतं. गिऱ्हाईक रीत विचारत नाही." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. चहा झाला, आणि गप्पांच्या ओघात मी त्यांना विचारले, की लक्ष्मीपूजनाला तुम्ही कशाची पूजा करता? ते म्हणाले, वहीची. मी म्हटले, गल्ल्यातल्या रकमेची का नाही? त्यावर ते नुसते हसले. गल्ल्यात किती रुपये आहेत हे उत्तर झाले. ते कुठून कसे आले, कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, हे वहीत असते. आपल्या पूर्वजांनी हळदकुंकू वाहिले ते त्या वहीला.

मेर्सेनने १२७ बद्दल जे सांगितले ते सत्य होते, पण तो सत्य बोलला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बंद पडलेले घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते. त्याला कोणी वक्तशीर म्हणत नाही.

आता ज्याने खरोखर काम केले त्याच्याकडे येतो. एदुआर ल्यूका हा फ्रान्समधल्या आम्यँ गावचा, जन्म १८४२. काही काळ पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या लढाईत तोफखान्यात अधिकारी, आणि लढाई हरल्यावर उरलेले आयुष्य माध्यमिक शाळेतला गणिताचा मास्तर. माझा ओढा त्याच्याकडे का, हे वाचकांना वेगळे सांगायला नको! पोरासोरांच्या खेळण्यांची त्याला भारी आवड. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या असलेले ते लाकडी कोडे, ज्यात मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही असा नियम असतो, ते १८८३ मध्ये यानेच काढले; आणि स्वतःचे नाव न घालता आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून सयामच्या कोणा काल्पनिक पंडिताच्या नावावर खपवले. त्याबरोबर एक कथाही पसरली, की काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या आहेत, ब्राह्मण रात्रंदिवस त्या हलवीत असतात, आणि शेवटची चकती हलली की जगाचा अंत होईल. अशी कथा काशीत नव्हे, पॅरिसमध्येच जन्मू शकते. तिच्यातल्या हालचालींचा आकडा मात्र ओळखीचा आहे: आपल्या बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे नेमके तितकेच.

१८७६ मध्ये ल्यूकाने जाहीर केले, की १२७ घरांच्या दाण्यांची संख्या मूळ आहे. त्याने एकही विभाजक शोधत न बसता हे ठरवण्याची रीत काढली होती. ती रीत खरी का हे समजायला पुष्कळ गणित लागते. पण ती वापरायला गुणाकार-भागाकार येणे पुरते, म्हणून लहान संख्येवर करून दाखवतो. सात घरांचे दाणे १२७ घ्या. तीनापासून सुरुवात करा. दर खेपेला संख्येचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. तीनाचा वर्ग ९, दोन गेले, ७. साताचा वर्ग ४९, दोन गेले, ४७. सत्तेचाळीसाचा वर्ग २२०९, दोन गेले, २२०७. १२७ ने भागले की बाकी ४८. अठ्ठेचाळीसाचा वर्ग २३०४, दोन गेले, २३०२, बाकी १६. सोळाचा वर्ग २५६, दोन गेले, २५४; आणि २५४ म्हणजे १२७ दुणे. बाकी शून्य! घरे सात, त्यांतून दोन कमी करून पाच खेपा झाल्या, आणि पाचव्या खेपेला बरोबर शून्य आले. म्हणजे संख्या मूळ. शून्य न येते तर मूळ नाही.

तीच रीत २०४७ ला लावा. घरे अकरा, तेव्हा खेपा नऊ. ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि मग पुन्हा १६०, पुन्हा १०३४. घाण्याच्या बैलासारखी ती गोल फिरू लागते. नवव्या खेपेला उरतात १०३४. शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. पण त्या १०३४ मध्ये २३ आणि ८९ यांचा मागमूस दिसतो का? मुळीच नाही. कोणीतरी आत आहे एवढे कळते. कोण आहे ते कळत नाही.

एकोणचाळीस अंकी संख्येला हे करायचे म्हणजे १२५ खेपा. प्रत्येक खेपेला एकोणचाळीस अंकांचा वर्ग आणि मग एकोणचाळीस अंकांनी भागाकार. ल्यूकाने त्यावर सुरेख तोड काढली. नऊने भागून बाकी काढायची तर आपण अंकांची बेरीज करतो. नव्व्याण्णवाने काढायची तर दोन-दोन अंकांचे गट करून बेरीज करता येते: ४७३५८ चे ४, ७३ आणि ५८ मिळून १३५, पुन्हा १ आणि ३५ मिळून ३६, हीच बाकी. आपले दाणेही, फक्त शून्य आणि एक हे दोनच अंक वापरून लिहिले, तर १२७ एक ओळीने उभे राहतात, जसे दशमानात ओळीने नऊ. त्यामुळे भागाकार करावाच लागत नाही. १२७ व्या जागेपलीकडचा भाग उचलून अलीकडे आणून मिळवला की झाले. एका बाजूला १२७ घरे असलेल्या चौरस पटावरचा खेळ, असेच त्याने या हिशोबाचे वर्णन केले आहे. एकूण घरे १६१२९. बुद्धिबळाच्या राजाने हा पट पाहिला असता तर त्याने गादी सोडून हिमालय गाठला असता.

मला विचारात पाडते ते पुढचे. हा खेळ तो एकटा खेळत होता. त्या हिशोबाचा ताळा कोण करणार होते? ज्याला खोटे पाडायचे असेल त्याला स्वतः तितकेच कष्ट उपसावे लागले असते, आणि दुसऱ्याच्या बेरजा तपासण्यासाठी इतके कष्ट कोण उपसतो? ऐंशीव्या खेपेला एखादा हातचा राहून गेला असे त्याच्या ध्यानात आले असते, तर सगळे मोडून पुन्हा मांडायला लावणारे तिथे कोणी नव्हते. उत्तर तर मेर्सेन सव्वादोनशे वर्षांपूर्वीच सांगून गेला होता. "तपासले, बरोबर आहे" एवढेच लिहिले असते तरी जगाने मान डोलावली असती. फोकाँबेर्ग नावाच्या फ्रेंच माणसाने तो हिशोब पुन्हा केला आणि ल्यूकाचे म्हणणे खरे ठरवले, ते १९१४ मध्ये. मधली ३८ वर्षे ती संख्या ल्यूकाच्या शब्दावर उभी होती. आणि ल्यूका तोवर राहिला नव्हता. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून काचसामान पडले, बशीचा तुकडा उडून याच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. ताळा जुळल्याचे त्याला कळायचेच राहिले.

सचोटी म्हणजे काय, असे निबंधाचे विषय आम्ही मुलांना देतो, आणि मुले सापडलेले पाकीट परत करणाऱ्या मुलाची गोष्ट लिहितात. पण पाकिटाला मालक असतो. तो आनंदतो, आभार मानतो, कधी बक्षीसही देतो. ज्या सचोटीला मालकच नाही, जी मोडली तर कोणाचे पाच पैशाचे नुकसान नाही आणि पाळली तर कोणाला कळण्याची सोय नाही, तिची गोष्ट कोणी लिहीत नाही. कादंबरीकार या नात्याने सांगतो, तशी गोष्ट रंगवणे कठीणच आहे.

याच्या अगदी उलट प्रकारचे सत्यही याच यादीत सापडते. मेर्सेनने ६७ घरांची संख्याही मूळ म्हटली होती. ल्यूकाने १८७६ मध्येच दाखवून दिले की ती मूळ नाही. पण वर २०४७ चे पाहिले त्याप्रमाणे, आत कोण दडले आहे ते त्यालाही सांगता आले नाही. पुढे १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणित मंडळाच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक उभे राहिले. असे सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी दुपटीचा हिशोब करून १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या लिहिली. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या मांडल्या आणि आपण शाळेत करतो तसा ओळीखाली ओळ घालून गुणाकार केला. उत्तर तेच आले. खडू ठेवला आणि ते जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे पुढे कोणी विचारले तेव्हा त्यांनी तीन वर्षांचे रविवार असे सांगितल्याची कथा आहे. शोधायला तीन वर्षे, पण पटायला पाव तास! कोलसाहेबांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाही. सगळीच सत्ये अशी फळ्यावर मावली असती, तर जगात विश्वास नावाची वस्तू लागलीच नसती.

"पण रामानुजन?" असे एखादा वाचक विचारील, आणि विचारावेच. रामानुजनांच्या वह्यांत उत्तरांची खाण आहे आणि रीत बहुधा नाही; नामगिरी देवी आपल्याला सूत्रे सुचवते अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांचेही मार्क कापणार का? ती हिंमत माझ्यात नाही. परंतु एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पाठवलेल्या पत्रात थक्क करणारी सूत्रे होती, पण अमुक आकड्याखाली मूळ संख्या किती, याविषयीचा त्यांचा दावा मात्र खरा ठरला नाही. एवढ्या थोर प्रतिभेलाही चकवले ते मूळ संख्यांनीच. हार्डी त्यांना पुन:पुन्हा सिद्धता मागत राहिले. त्यात परक्या साहेबाचा हेका पाहणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यात आदर दिसतो. ज्याच्या उत्तराची किंमत वाटते, त्याच्याकडेच माणूस रीत मागतो. चुटपुटत्या उत्तराला आपण "बरं बरं" म्हणून वाटेला लावतो.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला, कारण त्याचे उत्तर आता फार सोपे झाले आहे आणि म्हणून मला ते आवडत नाही. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकार हातात देऊन त्या दोन कोणत्या हे ओळखणे कर्मकठीण. या एका गोष्टीवर १९७७ मध्ये तिघा संशोधकांनी गुप्त कुलपाची युक्ती उभारली, आणि त्या जातीची कुलपे पुढे बँकांच्या आणि टपालाच्या यांत्रिक व्यवहारांना लागली. छान झाले. पण ल्यूकाला हे ठाऊक नव्हते, आणि ही कुलपे निघालीच नसती तरी त्या १२५ खेपांचे मोल तसूभरही कमी झाले नसते. चांगल्या माणसाची बाजू मांडताना "तो पुढे मामलेदार झाला" असे सांगितले म्हणजे ऐकणारा निरुत्तर होतो. पण त्यात त्या माणसाचा चांगुलपणा बाजूलाच राहतो.

ल्यूकाची ती संख्या पाऊणशे वर्षे जगातली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणून मिरवली. १९५१ मध्ये तिचा मान गेला, आणि १९५२ पासून यंत्रांनी पटावरची घरे भराभर वाढवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संख्येला १३,६२,७९,८४१ घरे लागली, आणि ती लिहायची तर अंक होतात ४,१०,२४,३२०. ल्यूक ड्युरंट या अमेरिकन गृहस्थाने ठिकठिकाणची यंत्रे कामाला लावून ती मिळवली. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. पहिल्या यंत्राने कौल दिल्यावर लगेच डंका पिटला गेला नाही. निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर, निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावलींनी तो हिशोब पुन्हा केला, सगळ्यांची बाकी शून्य आली, आणि मगच जाहीर झाले. यंत्राला थकवा नाही, लोभ नाही, मेजवानीचे निमंत्रण नाही; तरी त्याच्याकडूनही ताळा मागितला जातो. आमची मुले मात्र खिशातल्या यंत्राला गणित घालतात आणि जे येईल ते वहीत उतरवतात.

त्या मुलीला मी काय सांगितले? सांगितले ते असे: "नाही, मी भागलं नाही. ल्यूका नावाच्या मास्तरांनी एका रीतीने ठरवलं, फोकाँबेर्ग यांनी ते पुन्हा केलं, नंतर यंत्रांनी कितीतरी वेळा केलं. ती रीत मी तुला शिकवू शकतो." ती म्हणाली, "शिकवा." मग वर दिलेला सात घरांचा हिशोब आम्ही केला. नंतर मी मुलांना आणखी एक गंमत दाखवली. दोन घरे घेतली तर दाणे ३. तीन घरे घेतली तर ७. सात घरे घेतली तर १२७. आणि १२७ घरे घेतली तर ल्यूकाची संख्या. प्रत्येक उत्तर हे पुढच्या पटाच्या घरांची संख्या, आणि चारही मूळ! कातालाँ या गणितज्ञाचे लक्ष या साखळीकडे १८७६ मध्येच गेले होते. मग ल्यूकाच्या संख्येइतकी घरे असलेला पट घेतला तर? ते दाणे मोजून लिहायला पृथ्वीवरचा सगळा कागद पुरणार नाही. त्यांची संख्या मूळ आहे की नाही हे आजवर कोणालाही ठरवता आलेले नाही. तिचा एकही विभाजक सापडलेला नाही, आणि ल्यूकाची रीत तिथे चालवायची तर खेपाच एकोणचाळीस अंकी होतील. मी मुलांना हात वर करायला सांगितले. "मूळ असणार" म्हणणारे खूप निघाले. चार मागे चार खरी निघाली, तर पाचवी का नाही? दोघातिघांनी विरुद्ध हात वर केले, बहुधा विरुद्ध जाण्याच्या हौसेने. तिसऱ्या बाकावर हात कुठल्याच बाजूने वर झाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले असतील, फराळ झाल्यावर दुपारी "आता काय करू" म्हणून मागे लागतील. त्यांना तेरा घरांचा पट द्या. दाणे ८१९१ होतात. ते दुपटीने मोजून पाहण्यातच अर्धा तास जाईल. तेराला तीनाची सुरुवात चालत नाही. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने पुढे जी सुधारणा केली तीप्रमाणे चारापासून सुरुवात करावी. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, ८१९१ ने भागून बाकी पुढे न्यायची. अकरा खेपा. पाचव्या खेपेपर्यंत कंटाळा येतो, सातव्याला हातचा चुकतो, तेव्हा पेन्सिल वापरावी आणि खोडरबर जवळ असू द्यावे. शेवटची बाकी काय येते ते मी इथे छापत नाही.